ब्रन्सनने खरंच 11.3 कोटी डॉलर सोडले का?

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधल्या न्यूयॉर्क निक्सचा गार्ड जेलन ब्रन्सन याने 12 जुलै 2024 ला संघाबरोबर चार वर्षांचं, 15.65 कोटी डॉलरचं एक्स्टेन्शन, म्हणजे चालू कराराची मुदतवाढ, केलं. त्या दिवसापासून एक वाक्य फिरतंय: "ब्रन्सनने संघासाठी 113 मिलियन डॉलर सोडले." म्हणजे 11.3 कोटी. निक्स जिंकले की ते पुन्हा वर येतं. दुसरा एखादा स्टार मोठा करार करतो तेव्हा तर हेच वाक्य त्याच्या तोंडावर फेकलं जातं.

ब्रन्सनने निक्सला सवलत दिली, हे खरं आहे. पण 11.3 कोटी या आकड्यामागची बेरीज-वजाबाकी चुकीची आहे, आणि त्या आकड्यावर उभे केलेले बाकीचे निष्कर्षही त्यामुळे ढासळतात. म्हणून दाव्याचा एकेक तुकडा घेऊन पाहू.

"26.9 कोटी समोर होते, त्याने 15.65 घेतले"

त्या दिवशी 26.9 कोटी समोर नव्हते. निक्सची कितीही इच्छा असती तरी ते देता आले नसते.

ब्रन्सनचा आधीचा करार 2022 चा होता: चार वर्षं, 10.4 कोटी. या कराराची रक्कम पहिली तीन वर्षं उतरत जाणारी होती. 2022-23 ला 2.77 कोटी, मग 2.63, आणि 2024-25 ला 2.496 कोटी. चौथं वर्ष, 2025-26, प्लेयर ऑप्शनचं होतं. ते खेळायचं की सोडायचं, हे त्याच्या हातात होतं. चालू करार वाढवायचा असेल तर एनबीएचा नियम असा की नव्या कराराचा पहिला पगार आधीच्या पगाराच्या जास्तीत जास्त 140 टक्के असू शकतो, आणि पुढे दरवर्षी त्या पहिल्या पगाराच्या 8 टक्के वाढ.

आता गुणाकार करा. 2.496 कोटीच्या 140 टक्के म्हणजे 3.494 कोटी. 8 टक्के वाढ म्हणजे दरवर्षी सुमारे 28 लाख. चार वर्षं अशी येतात: 3.494, 3.774, 4.053, 4.333. बेरीज 15.65 कोटी. जाहीर झालेला आकडा हाच. म्हणजे निक्सने त्या दिवशी नियमात बसणारी शेवटची पै मोजली आणि ब्रन्सनने ती घेतली. त्यात घासाघीस करून कमी केलेला एक डॉलरही नाही. 2022 च्या करारावर सह्या होऊन दोन वर्षं झाल्याशिवाय एक्स्टेन्शन करता येत नव्हतं. ती दोन वर्षं 12 जुलैला पूर्ण झाली आणि त्याच दिवशी सह्या झाल्या.

इथे एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. 140 टक्क्यांचा हा नियम लीग आणि खेळाडू संघटनेमधल्या 2023 च्या नव्या सामूहिक करारात आला, त्याआधी मर्यादा 120 टक्के होती. जुन्या हिशेबात हेच एक्स्टेन्शन 13.4 कोटींच्या आसपास अडकलं असतं. खेळाडूंनी लवकर सही करावी म्हणूनच मर्यादा वाढवली गेली होती, आणि ब्रन्सनचा करार हे त्या बदलाचं अगदी सरळ फळ आहे.

मग 26.9 कोटी आले कुठून? त्यासाठी त्याने एक वर्ष थांबायला हवं होतं. 2025 च्या उन्हाळ्यात ऑप्शन सोडायचा, फ्री एजंट (कुठल्याही संघाशी करार करायला मोकळा) व्हायचं आणि निक्सशीच नवा पाच वर्षांचा करार करायचा. तोवर त्याची लीगमध्ये सात वर्षं भरली असती, आणि सात ते नऊ वर्षांच्या खेळाडूला पहिल्या वर्षी कॅपच्या, म्हणजे संघाच्या एकूण पगारमर्यादेच्या, 30 टक्के मिळू शकतात. 2025-26 ची कॅप 15.46 कोटी, त्याचे 30 टक्के 4.639 कोटी, 8 टक्के वाढीने पाच वर्षांचे 26.91 कोटी. गणित बरोबर आहे. पण जुलै 2024 मध्ये हे पैसे म्हणजे बाजारात तुरी होत्या.

काही जण पुढे जाऊन म्हणतात की त्याला सुपरमॅक्स, म्हणजे 35 टक्के मिळाले असते. तेही नाही. सुपरमॅक्ससाठी खेळाडू ज्या संघाने ड्राफ्ट केला, म्हणजे नवख्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत घेतला, त्याच संघात असावा लागतो, किंवा पहिल्या चार वर्षांत ट्रेडने (संघांमधल्या अदलाबदलीने) आलेला असावा लागतो. ब्रन्सनला 2018 मध्ये डॅलसने 33 व्या क्रमांकावर घेतलं, तिथे तो चार वर्षं खेळला आणि फ्री एजंट म्हणून न्यूयॉर्कला आला. ऑल-एनबीए या हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात कितीही वेळा आला तरी ते दार त्याच्यासाठी बंद होतं.

"म्हणजे 11.3 कोटी गेलेच ना"

सगळ्यात मोठी चूक इथे आहे. 26.91 कोटी पाच वर्षांचे आहेत आणि 15.65 कोटी चार वर्षांचे. पाच किलोच्या पिशवीतून चार किलोची पिशवी वजा करायची आणि फरकाला सवलत म्हणायचं, असा हा प्रकार आहे.

चार वर्षांची तुलना चार वर्षांशी करा. मॅक्स करारात, म्हणजे नियमाने मिळू शकणाऱ्या कमाल रकमेच्या करारात, 2025-26 ते 2028-29 ला त्याला 4.639, 5.011, 5.382 आणि 5.753 कोटी मिळाले असते. एकूण 20.78 कोटी. त्यातून 15.65 वजा केले की उरतात 5.13 कोटी. बाकीचे 6.12 कोटी हा 2029-30 चा, पाचव्या वर्षाचा पगार आहे.

आता 11.3 चा आकडा खरा ठरण्यासाठी काय व्हायला हवं? ब्रन्सनने 2029-30 मध्ये कुठल्याही संघाकडून एक डॉलरही कमावता कामा नये. खेळाडू तेव्हा 33 वर्षांचा. दुखापतीने कारकीर्द आधीच संपली तर ते शक्य आहे, पण तसं झालं तर ती दुर्दैवाची किंमत असेल. तिला संघासाठी केलेला त्याग म्हणता येणार नाही.

"गेलेले पैसे परत येत नाहीत"

बऱ्याच अंशी येऊ शकतात, आणि ती सोय करारातच आहे. एक्स्टेन्शनचं चौथं वर्ष, 2028-29, पुन्हा प्लेयर ऑप्शन आहे. 2028 च्या उन्हाळ्यात ब्रन्सनची लीगमध्ये दहा वर्षं पूर्ण झालेली असतील. दहा वर्षांच्या खेळाडूचा मॅक्स कॅपच्या 35 टक्के असतो आणि त्याला ऑल-एनबीए वगैरे कुठलीही अट नाही. निक्सकडे त्याचे बर्ड राइट्स (स्वतःचा खेळाडू ठेवण्याचा खास हक्क) राहतात, म्हणजे कॅप ओलांडूनही त्याला पूर्ण मॅक्स देता येतो.

हा भाग नीट समजण्यासाठी आयपीएल डोक्यातून काढावी लागते. 2025 च्या महालिलावाला प्रत्येक संघाची पर्स 120 कोटी रुपये होती आणि त्यावर एक रुपयाही नाही. एनबीएची कॅप इतकी कडक नाही. आपल्या खेळाडूला ठेवण्यासाठी संघ कॅपच्या वर जाऊ शकतो. वर कर आणि बंधनं आहेत, पण भिंत नाही.

तर 2025-26 ते 2029-30 या त्याच पाच वर्षांचा हिशेब मांडू. पहिली तीन वर्षं तो एक्स्टेन्शनवर खेळतो: 3.494 + 3.774 + 4.053, म्हणजे 11.32 कोटी. मॅक्सवर याच तीन वर्षांचे 15.03 कोटी झाले असते. तीन वर्षांची तूट 3.71 कोटी. ही तूट पक्की आहे, तिच्यातून सुटका नाही.

पुढची दोन वर्षं मात्र उलटी पडतात. 2028-29 आणि 2029-30 ला मॅक्स करारात त्याला 5.75 आणि 6.12 कोटी मिळाले असते, कारण तो करार 2025 च्या कॅपवर बांधलेला. ऑप्शन सोडून नवा 35 टक्क्यांचा करार केला तर तो 2028 च्या कॅपवर बांधला जाईल. करार झाला तेव्हा बहुतेक विश्लेषक कॅप दरवर्षी 10 टक्के वाढेल असं धरत होते. त्या हिशेबात 2028-29 ची कॅप सुमारे 20.58 कोटी, तिचे 35 टक्के 7.20 कोटी आणि पुढच्या वर्षी 7.78 कोटी. पाच वर्षांची बेरीज 26.3 कोटी. 26.91 च्या तुलनेत तूट अवघी 60 लाखांच्या घरात.

पण 10 टक्के हा आशावाद आहे आणि तो जसाच्या तसा धरणं बरोबर नाही. दरवर्षीची वाढ 10 टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, खाली मात्र जाऊ शकते. 2026-27 साठी लीगचा अंदाज 7 टक्क्यांच्या आसपास आला. 7 टक्केच धरून चाललो तर 2028-29 ची कॅप सुमारे 18.95 कोटी, पहिला पगार 6.63, दुसरा 7.16, आणि पाच वर्षांची तूट 1.8 कोटी. 5 टक्के धरले तर अडीच कोटींच्या थोडं वर. कुठलाही वास्तव दर घ्या, 11.3 च्या जवळपासही आकडा जात नाही.

यातली एकच गोष्ट अनिश्चित आहे आणि ती मोठी आहे: 2028 मध्ये ब्रन्सनला पूर्ण मॅक्स द्यायला संघ तयार असेल का? सहा फूट दोन इंच उंचीचा, चेंडू हातात ठेवून खेळणारा, पाय आणि खांदा लावून जागा काढणारा गार्ड बत्तिसाव्या वर्षात शिरताना कसा खेळेल, हे आज कुणी सांगू शकत नाही. तो ढासळला तर 4.333 कोटींचा ऑप्शन घेऊन थांबेल आणि चार वर्षांची तूट 5.13 कोटींवर स्थिर होईल. त्याने घेतलेली खरी जोखीम ही आहे, आणि तिच्याबद्दल त्याचं कौतुक करायला हरकत नाही.

"थांबण्यात काय जोखीम होती, तो तर स्टार होता"

स्टार होताच. 2023-24 मध्ये सरासरी 28.7 गुण आणि 6.7 असिस्ट, ऑल-एनबीए दुसरा संघ. पण त्या हंगामाचा शेवट काय झाला? 19 मे 2024, इंडियानाविरुद्धचा सातवा सामना, आणि ब्रन्सनचा डावा हात मोडला. शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा हा करार झाला. मार्च 2025 मध्ये लेकर्सविरुद्ध जादा वेळेत त्याचा उजवा घोटा मुरगळला आणि तो 15 सामने बाहेर बसला. ही दुखापत अधिक गंभीर निघाली असती, आणि त्याने एक्स्टेन्शन केलं नसतं, तर त्याच्या हातात हमीचं काय होतं? 2025-26 चा ऑप्शन, 2.496 कोटी. बस्स.

आयझेया थॉमसचं उदाहरण इथे तंतोतंत लागू पडतं. 2016-17 मध्ये बोस्टनसाठी सरासरी 28.9 गुण. उंची पाच फूट नऊ इंच. 2014 मध्ये केलेल्या चार वर्षांच्या 2.7 कोटींच्या स्वस्त करारावर तो खेळत होता आणि 2018 ची वाट पाहत होता. खुब्याची दुखापत झाली, त्या वर्षभरात क्लीव्हलँड आणि मग लेकर्सकडे ट्रेड झाला, आणि 2018 च्या उन्हाळ्यात डेन्व्हरने त्याला एक वर्षासाठी किमान पगारावर घेतलं. एका हंगामात कोट्यवधी डॉलर वाऱ्यावर गेले. थॉमसचा पगार इतका कमी होता की एक्स्टेन्शनच्या मर्यादेत त्याला मोलाचं काही मिळण्यासारखं नव्हतं, म्हणून थांबणं भाग होतं. ब्रन्सनपुढे 15.65 कोटींचा पर्याय होता. डॅलसच्या चार वर्षांत मिळून त्याने सुमारे 61 लाख डॉलर कमावले होते. अशा खेळाडूने हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं नाही असं ठरवलं, तर त्यात स्वतःचाही विचार होता हे मान्य करायला काय हरकत आहे? त्याने त्याचा मोठेपणा कमी होत नाही.

"त्याने पैसे सोडले म्हणून ब्रिजेस आणि टाउन्स आले"

तारखा पाहा. मिकाल ब्रिजेसचा ट्रेड 25 जून 2024 ला ठरला आणि 6 जुलैला अधिकृत झाला. ब्रन्सनची सही 12 जुलैची. कार्ल-अँथनी टाउन्स ऑक्टोबरच्या सुरुवातीला आला, पण तो हंगाम 2024-25 चा, आणि त्या हंगामात ब्रन्सनचा पगार एक्स्टेन्शन झालं असतं काय नि नसतं काय, 2.496 कोटीच होता. दोघांच्या येण्याशी त्या सहीचा हिशेबाच्या वहीत काही संबंध नाही.

संबंध आहे तो 2025-26 पासून, आणि तो दाव्यापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. त्या वर्षी दुसरा एप्रन 20.78 कोटींवर होता. एप्रन म्हणजे कॅप आणि लक्झरी टॅक्सच्याही (जादा पगारावर संघाने भरायच्या कराच्याही) वरच्या दोन रेषा. दुसरी ओलांडली की संघाला ट्रेडमध्ये दोन खेळाडूंचे पगार एकत्र करता येत नाहीत, ट्रेडमध्ये रोख रक्कम देता येत नाही, मिड-लेव्हल एक्सेप्शन, म्हणजे कॅपच्या वर असतानाही मध्यम पगाराचा खेळाडू घेण्याची सवलत, जातं, आणि सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिक (ड्राफ्टमधला निवडीचा हक्क) ट्रेडसाठी गोठतो. निक्सने गेर्शॉन याबुसेलेला टॅक्स भरणाऱ्या संघांच्या मिड-लेव्हलमधून घेतलं, त्यामुळे ही रेषा त्यांच्यासाठी त्या वर्षभर पक्की भिंतच झाली.

आता त्या संघाचे मोठे पगार मांडा: टाउन्स 5.31 कोटी, अनुनोबी 3.96, ब्रन्सन 3.49, ब्रिजेस 2.49, हार्ट सुमारे 1.95, मिचेल रॉबिन्सन 1.30. सहा जणांचे मिळून साधारण 18.5 कोटी. भिंतीपर्यंत उरले 2.28 कोटी आणि अजून किमान आठ खेळाडू भरायचे. अनुभवी खेळाडूचा किमान पगारसुद्धा कॅपवर सुमारे 23 लाखांना पडतो. आठ जणांचे 1.84 कोटी झाले. उरलेल्या फटीत त्याच आठांपैकी मॅकब्राइड आणि याबुसेले यांचे किमानपेक्षा जास्तीचे पगार बसवायचे. एवढ्यावरही निक्सला हंगामाच्या तोंडावर पंधराव्या जागेसाठी लाखा-लाखाचा हिशेब करावा लागला.

याच तक्त्यात ब्रन्सनच्या जागी मॅक्सचे 4.64 कोटी टाका. उरतात 1.14 कोटी. आठ किमान पगारही त्यात बसत नाहीत. याबुसेलेला घेताच आलं नसतं, आणि तरीही रेषेच्या खाली राहायचं तर रॉबिन्सनसारखा एक खेळाडू काढावा लागला असता. नाहीतर रेषा ओलांडायची आणि वर टॅक्स भरायचा. 2025-26 पासून टॅक्सचे दर पहिल्या टप्प्यात डॉलरमागे 1 डॉलर, तिसऱ्यात साडेतीन, चौथ्यात पावणेपाच. त्या उंचीवर वाढलेला प्रत्येक डॉलर मालकाला पाच-सहा डॉलरना पडतो.

ब्रन्सनच्या सहीचा खरा फायदा हा आहे: दरवर्षीचे सुमारे 1.15 कोटी किंवा त्याहून जास्त, आणि त्यातून टिकलेली बाकावरची फळी. चाहत्यांनी अभिमान बाळगायचा तर याचा बाळगावा. हे पडताळून पाहता येतं.

"टेटम हावरट, ब्रन्सन निःस्वार्थी"

त्याच जुलैमध्ये जेसन टेटमने बोस्टनबरोबर पाच वर्षांचा 31.4 कोटींचा करार केला, आणि दोन फोटो शेजारी ठेवून ही तुलना फिरली. टेटमला बोस्टननेच ड्राफ्ट केलेलं, ऑल-एनबीएमुळे तो सुपरमॅक्सला पात्र, आणि सुपरमॅक्स एक्स्टेन्शनला 140 टक्क्यांची अट लागत नाही. त्याला जुलै 2024 मध्येच पूर्ण मॅक्स मिळू शकत होता. ब्रन्सनला नव्हता. दोघांनीही आपापल्या सहीच्या दिवशी नियमाने मिळणारी सर्वांत मोठी रक्कम घेतली. 12 मे 2025 ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, निक्सविरुद्धच, टेटमच्या उजव्या पायाचा अकिलीस टेंडन तुटला. आधीच सही केलेली असण्याची किंमत काय असते, ते त्या रात्री दिसलं.

"आतून ठरलेलं असणार, 2028 ला भरपाई देणार"

असा शब्द देणं हा लीगमधल्या सर्वांत गंभीर गुन्ह्यांपैकी एक मानला जातो. मिनेसोटाने जो स्मिथला स्वस्तात एकेक वर्ष खेळ, पुढे मोठा करार देतो असं लेखी दिलं होतं. 2000 साली ते उघड झालं, तेव्हा स्मिथचे करार रद्द झाले, संघाला 35 लाख डॉलर दंड झाला आणि पहिल्या फेरीचे पिक जप्त झाले. निक्सवर तर आधीच नजर होती: 2022 मध्ये ब्रन्सनशी वेळेआधी बोलणी केल्याबद्दल त्यांचा 2025 चा दुसऱ्या फेरीचा पिक गेला होता. पुरावा नसताना हा आरोप करू नये.

"मग त्याने काहीच सोडलं नाही"

हा उलट बाजूचा दावा, आणि तोही चूक. 2025 च्या उन्हाळ्यात ब्रन्सन तंदुरुस्त होता. सरासरी 26 गुण, 7.3 असिस्ट, क्लच प्लेयर ऑफ द इयर (अटीतटीच्या क्षणी सर्वोत्तम खेळणाऱ्याचा पुरस्कार), पुन्हा ऑल-एनबीए दुसरा संघ, आणि निक्स 2000 नंतर प्रथमच ईस्ट विभागाच्या अंतिम फेरीत. थांबला असता तर मॅक्स मिळाला असता यात शंका नाही. तीन वर्षांत 3.71 कोटी त्याने नक्की सोडले, आणि पुढच्या दोन वर्षांची भरपाई स्वतःच्या शरीरावर सोपवली. जून 2028 अखेर त्याला 4.333 कोटींचा ऑप्शन घ्यायचा की सोडायचा ते ठरवावं लागेल. तेव्हा तो 31 वर्षांचा असेल, आणि सोडलेली खरी रक्कम त्या दिवशी मोजता येईल.